इमारत खाली आहे

इमारत क्रमांक तीन पाडण्यात आली. आवाज झाला नाही, धूळ उडाली नाही, शेजारच्या खिडकीची काचसुद्धा हलली नाही, कारण इमारत पाण्याची होती. तिच्यावर मुरूम टाकला, मुरमावर रोलर फिरवला आणि रोलरवरच्या माणसानं चहा मागितला. एवढंच. पण हे झालं असं आपण धरायचं नाही. दिनानाथनं ते कधीच धरलं नाही आणि गोष्ट त्याची आहे. तेव्हा इमारत क्रमांक तीन आहे. जिथं होती तिथंच, गिरीजच्या अलीकडे, कॉलेजच्या आवारात, एका अंगाला मुलांचं वसतिगृह आणि दुसऱ्या अंगाला फर्डिनंडची केळीची वाडी, हिरवट, गार, कडेला थोडी शेवाळलेली. सन अठ्ठ्याण्णव, मार्च महिना, सकाळची वेळ, आणि तिच्या काठावरच्या माडाला कुणीतरी नोटीस ठोकली आहे.

दिनानाथनं ती वाचली. ‘इमारत क्र. ३ ही जुनी व धोकादायक झाली असून तीमधील सर्व रहिवाशांनी आपापल्या सामानासह इमारत तात्काळ खाली करावी.’ मजकुराखाली बांधकाम कार्यालयाचा शिक्का, शिक्क्याखाली सही, सहीखाली पाणी. पाण्यावर केळीचं एक वाळकं पान तरंगत होतं आणि पानावर एक बेडूक बसला होता, ज्याला अजून सामान आवरायचं सुचलेलं नव्हतं. दिनानाथ तोंड न हलवता हसला. ही त्याची पद्धतच होती. वर्गातही तो मयताला आल्यासारखा चेहरा करून विनोद करी आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. पण आजचं हसू पुरतं झालं नाही. पावलांना एकदम गार लागलं, जणू बूट गळत होते आणि तेही बाहेरून आत. खाली करावी. अरे, इमारत खालीच आहे, तो मनात म्हणाला. पहिल्या दिवसापासून खालीच आहे. आता ती आणखी खाली कुठं करणार? आणि मग त्याला आठवलं की ही इमारत आहे असं लेखी कळवणारा या जगात एकच माणूस आहे, आणि तो सध्या बूट गार झालेल्या अवस्थेत तिच्याच काठावर उभा आहे.

या आवाराचा इतिहास त्याच्याइतका कुणाला माहीत नव्हता, म्हणजे बाकीच्यांना गरज पडली नव्हती. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा, तासिका तत्त्वावर. तास झाला तर शिक्षक, नाही झाला तर वाटसरू. वसतिगृहाचा सहायक रेक्टर म्हणून राहायला खोली होती, ती तेवढी कायम. कॉलेजचं नाव संस्थापकांच्या वडिलांचं, पदव्यांसकट, पाटीवर दोन ओळींत मावायचं नाही; सगळे नुसतं कॉलेज म्हणत. एक नंबरची इमारत दगडी, कौलारू, पुढे कमानींचा व्हरांडा. तिचे दगड किल्ल्यातून आले असं गावात बोललं जाई. संस्थेचं म्हणणं, दगड किल्ल्यातल्यासारखे दिसतात, एवढाच त्यांचा अपराध. दोन नंबर विज्ञानाची. तिचं सिमेंट खाऱ्या पाण्यात कालवलं गेल्यामुळे तिला दर वर्षी नव्या जागी घाम फुटायचा, आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्यावर पोपडे धरून धडा घ्यायचे. तीन नंबर मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. नकाशा झाला, भूमिपूजन झालं, बाहेरून आलेल्या मोठ्या पाहुण्यांनी कोनशिला बसवली, ‘इमारत क्र. ३’, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं की दगड बावखलाच्या काठाला बसलाय आणि इमारतीची बाकीची जागा म्हणजे पाणी. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोडं तळं. कुणा जुन्या माणसांनी खणलेलं, वाडी शिंपायला, रहाट फिरवायला, आणि समुद्र इतका जवळ असून आसपासच्या विहिरी गोड ठेवायला. ही जमीन फर्डिनंडच्या वडिलांची. कॉलेजला देताना त्यांनी तोंडी एकच अट घातली होती, पाण्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांना ही अट ठाऊक नव्हती. आता दगड हलवावा तर पाहुण्यांचा अपमान, पाणी हलवावं तर जमीन देणाऱ्याचा. संस्थेनं दोघांचा मान राखला आणि पुढच्या इमारतीला, मुलांच्या वसतिगृहाला, चार नंबर दिला.

तेव्हापासून तीन नंबर होती. प्राध्यापकांच्या स्कूटरी ‘तीन नंबरच्या मागे’ लागत. ‘तास कुठाय रे?’ ‘तीन नंबरमध्ये’, म्हणजे मुलं काठावर बसून शेंगा खातायत. त्या वर्गात हजेरी नेहमी पूर्ण असे. संस्थेच्या वार्षिक यादीत चार इमारती छापल्या जात आणि मोजणाऱ्याला कधी कमी भरल्या नाहीत, कारण नंबर चारपर्यंत होते आणि मोजणारा शेवटचा नंबर बघून मोजत असे.

दिनानाथ नव्वद साली इथं शिकायला आला तो माणदेशातून. त्याच्या गावात पाणी नेहमी कशात तरी असायचं: टँकरात, घागरीत, तांब्यात, सणावाराला देवाच्या पळीत. कशातही नसलेलं पाणी, आपलं आपण जमिनीवर पडून राहिलेलं, कुणी त्याच्यामागे धावत नाही, त्याच्यावरून कुणी कुणाच्या झिंज्या उपटत नाही, असं पाणी त्यानं पाहिलं नव्हतं. निघताना आईनं पितळी तांब्या पिशवीत कोंबला आणि सांगितलं, ‘पाणी दिसलं की आधी भरून ठेव, मग कुणाचंय ते विचार.’ चार नंबरच्या दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. त्यानं तांब्या नळाखाली काठोकाठ भरला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बाहेर डोकावला. खाली वसतिगृह होतं. तो ज्या वसतिगृहात उभा होता त्याच्या पायांशी पाय लावून, उलटं, तेवढंच, दुसरं वसतिगृह. त्याच्या खिडक्या, खिडक्यांत वाळत घातलेल्या चड्ड्या, चड्ड्यांच्या खाली आभाळ आणि आभाळाच्या तळाशी संथ फिरणारी एक घार. खालच्या दुसऱ्या मजल्यावरून एक काळासावळा पोरगा तोंड उघडं टाकून वर त्याच्याकडे बघत होता. आपल्याला बघून इतकं आश्चर्य आजवर कुणाला वाटलेलं दिनानाथच्या माहितीत नव्हतं. त्यानं हात हलवला, त्यानंही हलवला. नीट बघावं म्हणून दिनानाथ ओणवा झाला, कोपर लागलं, तांब्या सुटला. झेलायला त्यानं दोन्ही हात खाली केले. खालच्यानं दोन्ही हात वर केले. आणि झेलला. डुबुक असा आवाज झाला, खिडक्या हलल्या, सगळं वसतिगृह लाटालाटांनी विस्कटलं, आभाळासकट, आणि सावकाश पुन्हा जागच्या जागी येऊन उभं राहिलं, तेव्हा पोराचे हात रिकामे होते. आत नेऊन ठेवला असणार. दिनानाथनंही तेच केलं असतं. भरलेला होता.

प्रतिबिंब कशाला म्हणतात हे त्याला माहीत होतं. बारावीला भौतिकशास्त्रात बरे गुण होते. पण गुण मिळणं वेगळं आणि सकाळी दात घासताना कुणीतरी आपल्याबरोबर दात घासतंय हे वेगळं. पुढची सगळी वर्षं तो या खिडकीशी राहिला. पोरगा होता तो पदवीधर झाला, मग मास्तर झाला, कानांवर केस पातळ झाले, आणि खालच्याचंही सगळं तसंच झालं, फरक इतकाच की त्याच्याकडे तांब्या होता. वारा पडला की इमारत पूर्ण बांधून होई. वारा सुटला की पाडली जाई आणि कुणी तक्रार करत नसे. उन्हाळ्यात पाणी उतरलं म्हणजे इमारत उतरत नसे, ती फक्त आणखी खोल जाऊन राही, जणू लोक उकाड्यानं तळघरात निजायला गेलेत. दिनानाथला जगात बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं: पदव्यांचं, पाट्यांचं, स्वतःच्या नोकरीचं. या एका गोष्टीचं कधी आलं नाही. तिच्यासमोर तो नेहमी पहिल्या दिवसासारखाच उभा राही, तोंड उघडं टाकून, आणि समोरचाही.

म्हणून कॉलेजची स्मरणिका निघाली आणि ‘आपल्या इमारतींचा इतिहास’ त्याच्या गळ्यात पडला, तेव्हा एक नंबर, दोन नंबर, चार नंबर उरकून त्यानं लिहिलं, ‘इमारत क्र. ३ ही आवारातील सर्वांत जुनी इमारत होय. बांधणी पाण्याची. उंची खालच्या दिशेने तीन मजले. इतर इमारतींना गळती आहे, हिला नाही. रहिवासी शांत असून त्यांची एकही तक्रार आजवर कार्यालयाकडे आलेली नाही.’ लोक वाचून हसतील असं त्याला वाटलं होतं. प्राचार्यबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कात्रण काढून ठेवलं. नोटीस वाचून तो तडक त्यांच्या केबिनमध्ये गेला तेव्हा ते त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली होतं.

“या दिनानाथ,” मनोरमाबाई म्हणाल्या. “नोटीस बघितलीत?”

“मॅडम, ते बावखल आहे.”

“मला दिसतं ते. कागदाला दिसत नाही.” त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. “हे बघा. पाणी बुजवायला परवानगी मागितली तर ती माझी नात प्राचार्य झाली तरी मिळायची नाही. मोडकी इमारत पाडून त्या जागी पुन्हा बांधायला मात्र लगेच मिळते. नकाशात तीन नंबर आहे. कोनशिला आहे. फक्त ती इमारत खरंच होती असं म्हणणारा माणूस नव्हता. तुम्ही तेही सोडवलंत.”

“मी गंमत केली होती.”

“लेखी गंमत करू नये.” मग त्यांचा आवाज उतरला. “आपल्या मुली कुठं राहतात माहितेय? जव्हार-मोखाड्याच्या? गोखिवऱ्याला, कारखान्याच्या माळ्यावर. खाली पत्रा कापतात, वर ह्या अभ्यास करतात. मागच्या वर्षी दोघी घरी गेल्या त्या परत आल्या नाहीत, लग्नंच लावून दिली. वीस वर्षं मी जागा मागतेय, आणि जागेवर दगड बसवून ठेवलाय. सोमवारी बांधकाम कार्यालयाचे साहेब येतील, पाहणीला. तुम्हाला एवढंच विचारतील, इमारत आहे की नाही. हो म्हणालात तर मुलींना छप्पर मिळेल. नाही म्हणालात तरी मी तुमचा तास काढून घेणार नाही. फक्त मुलींना तुम्हीच सांगा.”

त्यांच्या बोलण्यात खोट काढावी अशी एक जागा दिनानाथ शोधत राहिला आणि ती सापडेना, म्हणून त्याला त्यांचा राग येईना, म्हणून त्याला फार अस्वस्थ वाटू लागलं. दुपारच्या तासाला पहिल्या बाकावर उन्नती होती, जव्हारकडची, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची, जिची वही नेहमी कारखान्यातल्या बारीक लोखंडी चुऱ्यानं करकर करायची. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

“सर, तुमची ती इमारत पाडतायत म्हणे.”

“आहे म्हणून कुणी सांगितलं तर.”

“मग सांगा की.” ती हसली. “बरंय तुमचं. मुलांना दोन-दोन वसतिगृहं, एक वर एक खाली. आम्हाला एक पण नाही. मी कितींदा काठावर उभी राहिले, खाली सगळ्या खिडक्यांत मुलगेच.”

हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या मजल्यांवर, एकही मुलगी नाही. तो रात्रीचं जेवण सोडून हेच चावत राहिला. माणूस एखाद्या गोष्टीपुढे थक्क होऊन उभा राहतो तेव्हा ती गोष्ट कुणाकुणाच्या वाट्याला आलेली नाही हे बघायला त्याची मान वळत नाही. आई आठवली. टँकर आला की ती सगळ्यांत पुढे धावायची, पण घागर भरली की मागच्या बाईला रेटून पुढे घ्यायची, ‘घे गं, घे, माझं झालं.’ त्याचं झालं होतं का? आठ वर्षं तो रोज सकाळी भरून घेत होता.

रविवारी फर्डिनंडनं त्याला वाडीतून हाक मारली. साठी उलटलेला माणूस, चर्चमधल्या मिसाहून नुकताच आलेला, इस्त्रीचा सदरा काढून माडाला टांगलेला आणि बनियनवर केळीच्या बुंध्यालगतची पिलं काढत होता. घरी तो आपल्या बोलीत बोलायचा, कॉलेजवाल्यांशी शाळेतली मराठी, सदऱ्यासारखीच इस्त्री केलेली.

“या सर, बसा. केळं खा. उद्या साक्ष आहे ना तुमची?”

“साक्ष कसली, पाहणी आहे.”

“तेच ते. आमचा बाप जमीन देताना काय बोलला? माड काढा, केळी काढा, हवं तर आम्हाला काढा, पाणी ठेवा. ही विहीर बघा. बावखल आहे म्हणून गोड. ते बुजलं की दोन वर्षांत खारी. मग वाडीत काय लावू, सुके बोंबील?” तो हसला आणि मग हसायचा थांबला. “सर, एकच शब्द बोलायचाय तुम्हाला. नाही म्हणा. इमारत नाही, पाणी आहे. खरंच तर आहे.”

खरंच होतं. तीच तर अडचण होती. दिनानाथ दोन केळी खाऊन परत आला, आणि उरलेला दिवस खिडकीत बसून राहिला. खालचाही बसून होता. हो म्हटलं तर मुलींना छप्पर, आणि वाडीला मीठ. नाही म्हटलं तर वाडीला पाणी, आणि मुलींना पत्र्याचा कर्कश आवाज. इथवर सगळं बरोबर होतं, कुणालाही कळण्यासारखं. पण त्याच्या आत आणखी एक काहीतरी होतं, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं: नाही म्हणायचं म्हणजे या खालच्या माणसाच्या तोंडावर म्हणायचं. आठ वर्षं जो आपल्याबरोबर उठला, त्याच्याकडे बघत तो राहतो ती जागा नाहीच असं सांगायचं. इतिहास शिकवून शिकवून दिनानाथची एक समजूत झाली होती की नसलेल्या गोष्टी लोक बिनधास्त बुजवतात. असलेल्या गोष्टींना निदान एकदा विचारतात. ज्याच्यात माणसं राहतात त्याला हात लावायला हात थोडा तरी कापतो. ही समजूत त्यानं इतिहासाच्या कुठल्या पुस्तकातून घेतली हे सांगता येणार नाही, कारण कुठल्याच पुस्तकात तसं घडलेलं नाही.

सोमवारी साहेब आले. माडाच्या सावलीत खुर्ची, खुर्चीशेजारी शहाळं. एका बाजूला मनोरमाबाई, मागे उन्नती आणि चार-पाच मुली, कुंपणापलीकडे फर्डिनंड, त्याच्यामागे त्याच्या कोंबड्या. वारा पडलेला. दिनानाथला काठावर, कोनशिलेपाशी उभं केलं. त्यानं खाली पाहिलं. त्याच्या बुटांच्या तळव्यांना तळवे लावून खालचा उभा होता. इतक्या जवळून त्यानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यामागे चार नंबरची सगळी भिंत खाली उतरत गेली होती, खिडकीमागून खिडकी, जिन्यामागून जिना, गच्चीवरची टाकी, टाकीच्या खाली पांढरं ऊन, आणि त्या उन्हाला तळ नव्हता. माणसांनी एवढाली देवळं, चर्च, किल्ले बांधले, त्यांत किती दगड, किती पिढ्या गेल्या, आणि हे इथं कुणीही न बांधता पूर्ण, एकही वीट इकडची तिकडे नाही. त्याला तहान लागली. एवढ्या पाण्याशेजारी.

“बोला प्रोफेसर,” साहेब म्हणाले. “इमारत आहे की नाही?”

“आहे.”

फर्डिनंडनं कुंपणावरचा हात काढून घेतला.

“वापरात आहे?”

“हो साहेब. माणसं राहतात.” दिनानाथचा आवाज त्यालाच ओळखू येईना, त्याच्यात विनोद नव्हता. “म्हणून तर पाडता येणार नाही. तुम्ही स्वतः बघा. इथं, या दगडापाशी या. वारा नाहीये तोवर.”

साहेब शहाळं हातात घेऊन उठले, काठापाशी आले, वाकले. खालच्या साहेबांनीही वाकून पाहिलं. साहेबांचा चेहरा एक क्षणभर लहान मुलासारखा उघडला, दिनानाथनं तो पाहिला: ह्याला दिसलं. मग साहेब सरळ झाले, शहाळ्यातून एक घोट घेतला.

“तिसऱ्यांदा विचारतो. नंतर फिरवाफिरवी नको. इमारत आहे, त्यात लोक राहतात, असं तुमचं म्हणणं?”

“हो.”

“मग ठीक. आधी खाली करून घेऊ.”

फर्डिनंडचा कोंबडा भर बारा वाजता आरवला. फर्डिनंडनं त्याच्याकडे, मग दिनानाथकडे पाहिलं. “गप रे,” तो कोंबड्याला म्हणाला. “फादर सांगतात, कोंबडा आरवतो तो प्रभूला तीनदा नाही म्हणणाऱ्या शिष्यासाठी. आमचे सर तीनदा हो म्हणाले. ह्यांच्यासाठी कुठला पक्षी ओरडतो, ते फादरना विचारायला पाहिजे.” आणि तो वाडीत निघून गेला. दिनानाथला वाटलं आता त्यानं मागे वळून एक शिवी द्यावी. त्यानं दिली नाही. मुली टाळ्या वाजवत होत्या. उन्नती वाजवत नव्हती.

इमारत खाली करायला पंप आला. हुकमात ‘खाली करणे’ होतं आणि पंपवाल्याला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. दिवसभर पाणी फर्डिनंडच्या पाटातून वाहत राहिलं. केळींनी आयुष्यात इतकं एकदम प्यायलं नव्हतं. इमारत खिडकी खिडकीनं चेपत गेली आणि संध्याकाळच्या आत एका परातीएवढ्या डबक्यात येऊन बसली, त्यात फक्त गच्चीवरची टाकी, मग तीही नाही. मासे पोरांनी बादल्यांतून विहिरीत सोडले. तळ उघडा पडला तेव्हा सगळं आवार गोळा झालं. चिखलात वसतिगृह मांडून ठेवलेलं होतं. भिंतीलगत खालच्या मजल्यावरून पडलेलं, पलीकडे वरच्या मजल्यांवरून भिरकावलेलं: साबणाच्या डब्या, प्लॅस्टिकचे मग, एकेकट्या चपला, हरवलेले सगळे चेंडू, गॅदरिंगचा मुकुट, एका रेक्टरची छडी, जिच्यासाठी एकेकाळी सगळ्या वसतिगृहाला उपाशी ठेवलं होतं. पंपवाल्यानं फावडं घातलं तर प्लॅस्टिकच्या खाली जर्मनची भांडी, जर्मनच्या खाली कल्हईची, त्याखाली मातीच्या खापऱ्या, रहाटाला बांधायच्या लोट्यांच्या, कॉलेजच्या आधीच्या, फर्डिनंडच्या आज्याच्या. फर्डिनंड कधी येऊन उभा राहिला कुणाला कळलं नाही. त्यानं एक खापरी उचलली आणि बनियनला पुसली. आणि त्या सगळ्याच्या मधून, तळाच्या वाळूतून, बारीक, थंड, स्वच्छ पाणी वर येतच होतं, पंप चालू असूनही, कुणी हाक मारल्यासारखं. दिनानाथनं आवाराचा इतिहास लिहिला होता. आवारानं आपला इतिहास स्वतः ठेवला होता, नीट, मजल्यावार. त्याला डोक्यावरची टोपी काढावीशी वाटली. टोपी नव्हती, म्हणून त्यानं बूट काढले आणि चिखलात उतरला.

आपल्या खिडकीखालची जागा त्याला डोळे मिटून सांगता आली असती. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाचपू लागला. थोड्या वेळानं शेजारी आणखी दोन हात आले. उन्नती सलवार खोचून उतरली होती.

“काय शोधताय सर?”

“तांब्या. आईचा. पितळी.”

तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. दोघांनी मिळून ती सगळी जागा उलथीपालथी केली, ढोपरभर. शेजारच्या खोलीतला स्टोव्ह मिळाला, त्याच्या पलीकडच्या खोलीतलं घड्याळ. जड पितळी भांडं, जे वाहून जात नाही, कुजत नाही, तरंगत नाही, ते नव्हतं. उन्नती कमरेवर हात देऊन उभी राहिली, चिखलाच्या हातानंच कपाळावरचे केस सारले.

“खालचा गेला असेल घेऊन,” ती म्हणाली. “सामानासकट खाली करा, असं लिहिलंच होतं ना नोटिशीत.”

ती थट्टेत म्हणाली असेल. चेहरा थट्टेचा नव्हता. पण दिनानाथची विद्यार्थिनी होती, चेहऱ्यावरून कळायचं नाही. दिनानाथ मात्र तसाच बसून राहिला, त्या उघड्या तळात, तोंड उघडं टाकून, पहिल्या दिवसासारखा, फक्त या वेळी समोर कुणी नव्हतं. खालचा सांगितल्याबरोबर निघाला होता. कुरकुर नाही, अर्ज नाही. एकच वस्तू घेऊन, जी त्याची नव्हती, पण आठ वर्षं सांभाळली होती, भरलेली.

यापुढचं झालं असं आपण धरत नाही. तीन नंबर तीन मजली आहे, वरच्या दिशेनं, खिडक्यांत मुलींचे दुपट्टे वाळतात आणि ते बघून मनोरमाबाई निवृत्त होण्याच्या दिवशी कुणालाही न दिसता रडल्या, हे चांगलं आहे, आणि तरीही धरत नाही. दिनानाथ कायम झाला, हेही नाही. फर्डिनंडच्या विहिरीचं पाणी आता आधी जिभेला लागतं आणि मग तहानेला, हे तर मुळीच नाही. तरी दर रविवारी तो दिनानाथला हाक मारून ते पाजतो, एक पेला, आणि दिनानाथ पितो. सकाळी दात घासताना तो खाली बघतो. तिथं फरशी आहे, स्वच्छ, कोरडी. ती रोज धुतली जाते, आणि धुतल्यावर, वाळायच्या आधी, तिच्यावर काहीतरी क्षणभर हलतं, बहुधा दुपट्टा. दर वर्षी मार्चमध्ये नोटीस काढणाऱ्या त्याच कार्यालयाकडे त्याचा एक अर्ज जातो. पोच मिळते, उत्तर नाही. मजकूर बदललेला नाही.

विषय: इमारत क्र. ३ मधील रहिवाशास पर्यायी जागा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आपल्या नोटिशीचा मान राखून सदर रहिवाशाने इमारत सामानासह वेळेत खाली केली आहे. त्याचा हल्लीचा पत्ता या कार्यालयास अथवा अर्जदारास माहीत नाही. सदर रहिवासी दुसऱ्या मजल्यावर, उलटा, शांतपणे राहत असे व त्याच्या ताब्यात अर्जदाराच्या आईचा एक पितळी तांब्या भरलेल्या स्थितीत आहे, त्याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तरी त्यास याच आवारात, इमारत क्र. ४ च्या खिडकीखाली, आभाळ मावेल एवढी ओली जागा, शक्य झाल्यास वारा नसलेली, कायमस्वरूपी देण्यात यावी, व या वेळी शेजारच्या खिडक्यांत मुलींचीही सोय करण्यात यावी, ही नम्र विनंती.